आधी निदान, मग निवाडा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी चालवणाऱ्या एका कुटुंबात मोटारीची स्वतंत्र नोंदवही ठेवण्याची रीत आहे. गाडी किती किलोमीटर धावली, पेट्रोल किती लिटर भरले, भाव काय होता आणि लिटरमागे किती अंतर पडले, हे त्या वहीत तारखेनिशी लिहिले जाते. पेढीची शिस्त घरच्या गाडीलाही लागू असावी, हा अण्णांचा आग्रह. आणि वही सांभाळण्याचे काम थोरल्या सूनबाईंकडे. गाडी सात वर्षांची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. लिटरला सरासरी १६ किलोमीटर हा तिचा आकडा वर्षानुवर्षे फारसा हलला नव्हता.

एका दिवाळीनंतर तो उतरू लागला. आधी १५, मग १४, आणि संक्रांतीच्या सुमारास १२. त्याच सुमारास गाडी चालवणाऱ्या मामांनी थोरल्या चिरंजीवांच्या कानावर घातले होते, की गाडी उभी असताना थरथरते, अधूनमधून मिसिंग मारते आणि चढाला ओढत नाही. एकदा दाखवून घ्यायला हवी. हंगामाची घाई होती. चिरंजीवांनी गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये पाठवली, बिल चुकते केले आणि विषय संपला असे धरून चालले. विषय संपला नव्हता. दुरुस्तीनंतरही वहीतला आकडा वर येईना, तेव्हा त्यांच्या मनात दुसराच विचार शिरला. पेट्रोल भरायला जातात ते मामा, पावती आणतात ते मामा. मग कमी पडणारे पेट्रोल जाते कुठे?

मामा बावीस वर्षे त्या पेढीवर होते. मुलांना शाळेत सोडण्यापासून अण्णांना दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळे त्यांच्या हातून झालेले. चिरंजीवांनी उघड आरोप केला नाही. "उद्यापासून पेट्रोल मीच भरत जाईन," एवढेच ते म्हणाले. मामांनी ते ऐकले, किल्ली पेढीतल्या खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून येणे थांबवले.

मोटारीच्या बिघाडाची ही गोष्ट येथूनच सुरू होते. कारण चुकीचे निदान केवळ खिशाला भोवते असे नाही.

इंजिनाला काय लागते

पेट्रोल इंजिनाच्या गरजा मोजक्या आहेत. योग्य प्रमाणात हवा, योग्य प्रमाणात इंधन, वेळेवर पडणारी सशक्त ठिणगी आणि मिश्रण घट्ट दाबून धरणारे सिलिंडर. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक ग्रॅम इंधनाला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखण्याचे काम पूर्वी कार्बुरेटर करीत असे. आता ते इंजिनाचा संगणक करतो. आत येणारी हवा आणि बाहेर जाणाऱ्या धुरातला प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरांकडून तो खबर घेतो आणि त्यानुसार प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल सोडतो.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेट घेतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते असे धरले, तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा आणि चारांत मिळून १,६०० वेळा ज्वलन होते. त्यांपैकी एक सिलिंडर आळशी झाला, तर ती संख्या १,२०० वर येते आणि इंजिनाची लय मोडते. स्टिअरिंगला कंप येतो, गिअरचा दांडा थरथरतो. एसी लावल्यावर भार वाढून कंप अधिक जाणवतो. रस्त्यावर तोच दोष वेगळ्या रूपाने दिसतो. चारांचे ओझे तिघांवर पडते आणि गाडी ओढेनाशी होते.

म्हणून उभ्या गाडीची थरथर आणि चालत्या गाडीचा मंदपणा या दोन तक्रारी बहुधा दोन नसतात. एकाच दोषाची ती दोन लक्षणे असू शकतात. मात्र तसे गृहीत धरण्यापूर्वी लक्षणे नीट वेगळी करून पाहावी लागतात.

लक्षणे काय सांगतात

गाडी उभी असताना थरथरते, पण रेस दाबली की इंजिन मऊ होते, असे असेल तर संशय आधी हवेच्या गळतीवर जातो. गाडी उभी असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि तिच्या पलीकडे तीव्र शोषण असते. तेथील एखादी रबरी नळी चिरली असेल, तर न मोजलेली हवा आत घुसते. थोड्या हवेवर चालणाऱ्या इंजिनाला ती चोरवाट मोठी वाटते. झडप उघडून भरपूर हवा आत येऊ लागली, की तिचे महत्त्व उरत नाही. अशा वेळी बॉनेट उघडून कान दिला तर बारीक सुस्कारा ऐकू येतो. इंजिनाचे फेरे उभ्या गाडीतच वरखाली होत असतील किंवा ब्रेक दाबताना गाडी बंद पडत असेल, तर थ्रॉटलवर साचलेला कार्बन आधी तपासावा.

उभी गाडी शांत, पण चढाला किंवा वेगाला दम तोडणारी, हे चित्र वेगळे आहे. तेथे इंधनाचा पुरवठा अपुरा पडत असावा: पंप अशक्त झाला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल. हवेचा फिल्टर धुळीने कोंदला असेल, सायलेन्सरच्या मार्गात अडथळा असेल, तरीही असेच होते. इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मात्र वाढत नाही, असे असेल तर दोष इंजिनात नसून क्लच घसरत असण्याची शक्यता अधिक.

दोन्ही तक्रारी एकत्र असतील, विशेषतः उभ्या गाडीत ठरावीक अंतराने आचका आणि चढावर झटके असतील, तर एखादा सिलिंडर वेळोवेळी पेट घेत नाही असा निष्कर्ष जवळचा ठरतो. त्याचे कारण ठिणगीत असेल, पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरमध्ये असेल किंवा त्या सिलिंडरच्या दाबात असेल.

ज्यांच्या गाडीत पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही आहेत, त्यांना एक सोपी कसोटी हाताशी असते. गाडी दोन्ही इंधनांवर आळीपाळीने चालवून पाहावी. त्रास एकाच इंधनावर होत असेल, तर दोष बहुधा त्या इंधनाच्या यंत्रणेत. दोन्हींवर होत असेल, तर दोष सामाईक भागांत, म्हणजे हवा, ठिणगी किंवा दाब यांत शोधावा. गॅसचे मिश्रण पेटवण्यास ठिणगीला अधिक जोर लागत असल्याने अशक्त प्लग आणि कॉइल आधी गॅसवर उघडे पडतात, हेही ध्यानात ठेवावे.

अलीकडे प्रत्येक तक्रारीचे खापर पेट्रोलमधील इथेनॉलवर फोडले जाते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणातील त्याचे प्रमाण वाढले की मायलेज थोडे घटते, हे खरे. पण टाकी एकच असते. इंधनातला दोष चारही सिलिंडरांना सारखाच भोगावा लागतो. एकच सिलिंडर आजारी पडला, तर त्याचे कारण टाकीत शोधण्यात अर्थ नसतो.

अंदाजाचा खर्च

सांगलीच्या त्या गाडीवर पहिल्या गॅरेजने जे उपचार केले, त्यांत मेहनत होती, तपासणी नव्हती. "ओढत नाही" हे दोन शब्द ऐकून पेट्रोलचा पंप बदलण्यात आला. दोन दिवस गाडी बरी वाटली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, म्हणून इंजेक्टर साफ करण्यात आले. दोन्ही मिळून बिल सतरा हजारांच्या घरात गेले. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागत होता. तो बॅटरीची तार काढून घालवण्यात आला.

या शेवटच्या गोष्टीचे गांभीर्य अनेकांना कळत नाही. तो दिवा हा बिघाड नव्हे, बिघाडाची वर्दी आहे. दिवा लागतो तेव्हा संगणक दोषाचा क्रमांक आणि त्या क्षणीची परिस्थिती, म्हणजे इंजिनाचे फेरे, उष्णता, भार, आपल्या स्मृतीत टिपून ठेवतो. भारतात २०१३ पासून नव्या मोटारींत ही ओबीडी-२ पद्धत आली असून तिची जोडणी बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखालीच सापडते. तार काढून दिवा विझवणे म्हणजे रोजमेळ जुळत नाही म्हणून रोजमेळाचे पानच फाडणे होय.

घाटात

मामा येईनासे झाल्यावर चिरंजीव स्वतः गाडी चालवू लागले. फाल्गुनात अण्णांना हृदयाच्या तपासणीसाठी पुण्याला न्यावे लागले. जाताना फारसे काही झाले नाही. परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर एका मालट्रकला ओलांडण्यासाठी त्यांनी रेस दाबली आणि गाडीने तीन-चार आचके दिले. वेग वाढण्याऐवजी उतरला. मागून बसचा हॉर्न, शेजारी ट्रकची चाके, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकत असलेला. त्यांनी कसाबसा वेग कमी करून ट्रकच्या मागे जागा घेतली आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू वर नेली.

घाटमाथ्यावर गाडी कडेला लागेपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "आज गाडी मामाच्या हातात असती, तर अशीच वागली असती की नाही?"

उत्तर घरी वहीत होते. मामा गेल्यानंतर पेट्रोल चिरंजीवांनीच भरले होते आणि सूनबाईंनी ते नेहमीप्रमाणे नोंदवले होते. त्या पाच आठवड्यांची सरासरी ११ होती. पेट्रोल कोणी घेत असते, तर आकडा वर यायला हवा होता. तो आणखी खाली गेला होता.

अदलाबदलीची कसोटी

दुसऱ्या दिवशी गाडी मिरज रस्त्यावरच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेली. त्यांनी पहिला अर्धा तास पान्याला हात लावला नाही, प्रश्न विचारले. त्रास इंजिन थंड असताना होतो की तापल्यावर? उभ्या गाडीत की भारावर? पावसाळी हवेत वाढतो का? दिवा नुसता लागतो की लुकलुकतो? आतापर्यंत काय बदलले? ती बिले आणली आहेत का?

मग त्यांनी गाडी सुरू करून सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागद धरला. धूर सलग येत होता, पण मध्येच एक ठोका चुकत होता. रबरी नळ्या हाताने चाचपून पाहिल्या. कोठे चीर नव्हती. स्कॅनर लावून, शेजारी चिरंजीवांना बसवून, इंजिन पुरते तापेपर्यंत गाडी फिरवली. परतल्यावर पडद्यावर क्रमांक उमटला होता: पी ०३०३. या क्रमांकातला शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो. तिसरा सिलिंडर पेट चुकवत होता.

येथेही मिस्त्रींनी कॉइल मागवली नाही. क्रमांक कोठे दुखते ते सांगतो, का दुखते ते सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी इंजिन बंद केले, तिसऱ्या सिलिंडरवरची इग्निशन कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिलीची तिसऱ्यावर. प्लग आणि इंजेक्टर होते तेथेच ठेवले. गाडी पुन्हा तितकीच फिरवली. आता क्रमांक आला पी ०३०१. दोष कॉइलबरोबर चालत गेला होता. तो तिसऱ्या सिलिंडरमध्येच राहिला असता, तर पुढची पाळी प्लगची, मग इंजेक्टरची आणि शेवटी दाब मोजण्याची आली असती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक कोठे पडतो ते पाहायचे. या कसोटीला नवा सुटा भाग लागत नाही आणि तिचे उत्तर वादातीत असते.

बॅटरीच्या १२ व्होल्टमधून ठिणगीसाठी लागणारे हजारो व्होल्ट निर्माण करणे हे कॉइलचे काम. आतले वेष्टण दुबळे झालेली कॉइल थंड असताना ठीक चालते आणि तापली की दगा देते. पंप बदलल्यानंतरचे दोन दिवस गाडी गावातच, थोड्या अंतरावर फिरली होती. कॉइल तापलीच नव्हती. पंपाला मिळालेले श्रेय असे फुकटचे होते.

राहिला शेवटचा प्रश्न: कॉइल गेली कशाने? मिस्त्रींनी चारही प्लग काढून फटीत गेज घातले. झिजून झिजून ठिणगीची फट नेमून दिलेल्या मापापेक्षा बरीच रुंदावली होती. फट जितकी मोठी, तितका ठिणगीला व्होल्टेजचा जोर अधिक लागतो आणि तो कॉइलला पुरवावा लागतो; चढावर, सिलिंडरमधला दाब वाढला की आणखीच. जुन्या बिलांत दोन वर्षे लागोपाठ "प्लग साफ केले" अशी नोंद होती. ते बदलण्याची मुदत मात्र केव्हाच उलटून गेली होती. काही शेकड्यांची बचत कॉइलला भोवली होती.

दुर्लक्षाची किंमत

मायलेज का घटले, याचाही उलगडा झाला. पेट न घेतलेल्या सिलिंडरमधले पेट्रोल तर वाया जातेच. शिवाय तेथली न वापरलेली हवा धुरातून बाहेर पडते. धुरात प्राणवायू अधिक दिसल्याने संगणकाचा समज होतो, की पेट्रोल कमी पडत आहे; आणि तो सर्वच सिलिंडरांना जादा पेट्रोल सोडू लागतो. एका सिलिंडरच्या चुकीपायी चौघांचा खर्च वाढतो. मामांच्या नावावर टाकलेले पेट्रोल सायलेन्सरमधून जात होते.

ते तेथे स्वस्थही बसत नाही. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेट घेते. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा मुलामा दिलेली ती जाळी अतिउष्णतेने वितळू शकते, आणि मग येणारे बिल पंप किंवा कॉइलच्या तुलनेत फार मोठे असते. म्हणूनच पिवळा दिवा स्थिर असेल, तर गाडी लवकर दाखवावी. पण तो लुकलुकत असेल, तर रेस कमी करावी, भार टाळावा आणि गाडी शक्य तितक्या लवकर थांबवावी. लुकलुकणारा दिवा हे निकडीचे बोलावणे आहे.

घरच्यांनी स्वतः दुरुस्ती करावी असे नाही. चालू इंजिनावर कॉइल किंवा प्लगच्या तारा ओढून पाहण्याचा जुना प्रयोग तर मुळीच करू नये. विजेचा जबर धक्का बसतो. बंद जागेत इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. पण काही गोष्टी प्रत्येक मालकाला करता येतात. मायलेजची नोंद ठेवावी. त्रास केव्हा, कशा स्थितीत होतो ते लिहून न्यावे. कोणताही भाग बदलण्यापूर्वी दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा आणि तो बिलावर लिहून मागावा. बदललेला जुना भाग परत मागावा. हवेचा फिल्टर आणि प्लग यांच्या मुदती वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवाव्यात. आणि "हा भाग बदलून पाहू" असे कोणी म्हटले, तर "कशावरून?" एवढा एकच प्रश्न विचारावा. जाणकार कारागिराला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

वहीतली शेवटची नोंद

एक कॉइल आणि चार प्लग, मजुरीसह खर्च साडेचार हजारांच्या आत. गाडी पूर्वीसारखी शांत झाली. त्या संध्याकाळी चिरंजीव ती घेऊन थेट मामांच्या घरी गेले. दारात उभे राहून म्हणाले, "मामा, चूक माझी. वही रोज बघत होतो, वाचली मात्र नाही."

मामा काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "एकच प्लग बदलला की चारही?"

"चारही."

"बरं केलंत," म्हणत त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

व्यापारी घरांत हिशेब चोख ठेवण्याचा अभिमान असतो, आणि तो योग्यच आहे. पण तूट आली हे हिशेब सांगतो. ती कोणी आणली हे सांगत नाही. ते शोधावे लागते, आणि शोध पुरा होईपर्यंत कोणाचेही नाव घेण्याची घाई करून चालत नाही. बिघडलेला भाग पैसे टाकून बदलता येतो. बावीस वर्षांच्या माणसाच्या बाबतीत तशी सोय नसते; त्या घराचे नशीब, की मामांनी हात पुढे केला.

त्या दिवसाच्या पानावर सूनबाईंनी नेहमीच्या अक्षरात लिहिले आहे: तारीख, किलोमीटर, तिसरी कॉइल नवी, चार प्लग नवे, पुढील बदल केव्हा. त्याखाली पंधरा दिवसांनंतरची सरासरी: १५.८. आणि पेट्रोल कोणी भरले या रकान्यात, पूर्वीप्रमाणेच: मामा.